नकारांचे परार्ध आणि चार सह्या

आपल्याकडची मोजणी परार्धावर थांबते. एकं, दहं, शतं करत कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली यादीही इथंच संपते. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चंगदेव यानं मठ उभा केला तो पाटणला, चाळीसगाव तालुक्यात, आपल्या कन्नडच्या औट्रम घाटाच्या पायथ्याच्या मुलखात. चंगदेव स्वतः सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून पंधराएक किलोमीटरवरच्या देवगिरीच्या दरबारात आठशे वर्षांपूर्वी परार्धाची ओळख असलेला माणूस बसत होता.

परार्ध केवढा? एक परार्ध सेकंद मोजायचे म्हटलं तर ३१७ कोटी वर्षं लागतात. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं धरतात. म्हणजे विश्वाला जन्मून अजून साडेचार परार्ध सेकंदही झालेले नाहीत. व्यवहारात याच्या पुढे जायची गरज कुणाला पडणार, असं वाटेल. गरज पडते, आणि तीही एका अगदी कारकुनी कामात: कुणाला कशाची परवानगी आहे, याची यादी ठेवण्यात.

इथेरियमसारख्या ब्लॉकचेनवर जे छोटे प्रोग्राम बसवतात त्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. नाणी पाडणं, प्रमाणपत्र देणं, तिजोरीतून पैसे सोडणं, अडचण आली तर सगळं थांबवणं ही कामं ते करतात. प्रोग्राम जगातल्या कुणालाही हाक मारता येईल असा उघड्यावर पडलेला असतो. तेव्हा हाक मारणाऱ्याला अधिकार आहे का, हे त्यालाच तपासावं लागतं. त्यासाठी बहुतेक लोक स्वतःचं डोकं चालवत नाहीत. ओपनझेपलिन नावाच्या संस्थेनं लिहून ठेवलेला ‘अ‍ॅक्सेस कंट्रोल’ हा तयार तुकडा उचलतात. शहाणपणाचं आहे ते. त्या तुकड्याचा गाभा एवढाच: एक तक्ता, उभ्या बाजूला रोल म्हणजे पदं, आडव्या बाजूला खाती, आणि प्रत्येक चौकटीत ‘हो’ किंवा ‘नाही’.

आता त्या तक्त्याचा आकार बघा. रोलचं नाव माणसाला वाचता येईल असं लिहितात, उदाहरणार्थ नाणी पाडणाऱ्यासाठी ‘मिंटर रोल’. पण कॉन्ट्रॅक्ट ते नाव तसंच ठेवत नाही. त्याचा हॅश काढतो, म्हणजे ३२ बाइटांचा एक ठसा. मिंटर रोलचा ठसा नऊ, एफ, दोन, डी, एफ, शून्य असा सुरू होतो आणि चौसष्ट अक्षरं चालतो. असे ठसे किती होऊ शकतात? दोनाचा २५६ वा घात. ही संख्या ७८ अंकी आहे. दृश्य विश्वातल्या अणूंचा नेहमीचा अंदाज ८१ अंकी, म्हणजे नुसत्या रोलांची संख्या अणूंच्या हजाराव्या हिश्शाला टेकते. खात्याचा पत्ता २० बाइटांचा. असे पत्ते दोनाचा १६० वा घात इतके, ४९ अंकी संख्या. दोन्हींचा गुणाकार केला की तक्त्यातल्या चौकटी मिळतात, आणि तो आकडा १२६ अंकी निघतो.

चंगदेवाला कळेल असं सांगायचं तर परार्ध गुणिले परार्ध करत सात परार्ध एकमेकांशी गुणा, आणि आलेल्या संख्येला आणखी १७ लाखांनी गुणा. एका कॉन्ट्रॅक्टमधल्या एका तक्त्याच्या चौकटी साधारण तेवढ्या. विश्वातल्या प्रत्येक अणूला एकेक चौकट वाटली तरी तक्ता फुटका पैसा खर्च न केल्यासारखा तसाच भरलेला राहतो.

यातली खरी करामत आकारात नाही. हा एवढा तक्ता कुठंही लिहिलेला नसतो. इथेरियमच्या हिशेबात ज्या जागी कधीच काही लिहिलं नाही, तिथं विचारलं तर उत्तर शून्य येतं. आणि शून्य म्हणजे ‘नाही’. प्रोग्राम बसवला त्या क्षणी परार्धांवर परार्ध नकार आपोआप लागू होतात, एक बाइटही न अडवता. आपल्या संभाजीनगराला बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात. औरंगजेबानं १६८२ मध्ये तट बांधला तेव्हा हातभर नकारासाठीही दगड-चुना आणि मजुरी मोजावी लागली, आणि होकारासाठी मधे मधे दरवाजे ठेवले. इथं तट फुकट आहे. पैसे पडतात ते फक्त दरवाज्याचे.

ते किती? एका खात्याला एक रोल द्यायचा व्यवहार साधारण पन्नास हजार गॅस खातो. गॅस म्हणजे या यंत्राला काम करायला लावण्याची मोजपट्टी. त्यातला सगळ्यात मोठा वाटा, २० हजारांच्या वर, केवळ शून्याच्या जागी एक लिहिण्याचा. पुढे त्या रोलचा माणूस काम करायला आला की ‘याला अधिकार आहे का’ एवढं वाचून बघायचे २,१०० गॅस दर खेपेला वेगळे. इथेरियमच्या एका ब्लॉकची गॅसमर्यादा २०२५ च्या अखेरीस ६ कोटींवर गेली. ब्लॉक दर १२ सेकंदांनी, दिवसाला ७,२०० पडतात. जगातल्या सगळ्यांनी बाकी सगळे उद्योग बंद ठेवून हे अख्खं नेटवर्क फक्त रोल वाटायला लावलं, तर दिवसाला ८६ लाखांच्या आसपास होकार लिहून होतील. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३७ लाख १ हजार २८२ होती. कन्नड-सोयगावपासून पैठण-वैजापूरपर्यंत नऊच्या नऊ तालुक्यांतल्या लहानथोरांना एकेक रोल द्यायला साडेदहा तास पुरे. आणि तक्ता पूर्ण भरायला? ती दिवसांची संख्या ११९ अंकी आहे. नाद सोडलेला बरा.

प्रत्यक्षात भल्या मोठ्या कॉन्ट्रॅक्टमध्येही होकार असतात पाच, सात, फार तर काही डझन. या विषयात छाती दडपवणारे आकडे सगळे नकाराच्या बाजूला आहेत, आणि नुकसान झालं ते प्रत्येक वेळी होकाराच्या बाजूला, एक-दोन अंकी संख्येत.

रोलची कल्पना ब्लॉकचेनवाल्यांची नव्हे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या संस्थेतल्या डेव्हिड फेराइओलो आणि रिक कून यांनी ती कागदावर मांडली. १९९६ मध्ये पवईच्या आयआयटीतून शिकून गेलेले रवी संधू आणि त्यांचे सहकारी यांनी तिचं शास्त्रशुद्ध प्रारूप दिलं. २००४ मध्ये ते अमेरिकेचं प्रमाण ठरलं. त्यामागचा हिशेब सोपा आहे. दहा हजार कर्मचारी आणि पाचशे प्रकारच्या परवानग्या धरल्या तर तक्ता पन्नास लाख चौकटींचा. तेच मधे वीस पदं घातली, तर पदांच्या परवानग्यांच्या दहा हजार नोंदी आणि कोण कुठल्या पदावर याच्या दहा हजार. पन्नास लाखांचे वीस हजार झाले. माणूस बदलला की एकच ओळ बदलायची.

पण सरकारी कचेरीत बसलेल्या कुणालाही यात नवीन काय, असंच वाटेल. खरेदीखत झालं की फेरफाराची नोंद तलाठी घेतो. आता त्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं तरी लोक तलाठीच म्हणतात. ती नोंद तो स्वतः मंजूर करू शकत नाही. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि तेव्हा कुठे सातबारा बदलतो. जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५०. ई-फेरफार आल्यावर कागदाच्या जागी लॉगिन आणि डिजिटल सही आली. लिहिणारा वेगळा आणि मान्य करणारा वेगळा, हे तत्त्व तेच राहिलं. तलाठी बदलून जाताना चार्ज देतो, नवा येऊन चार्ज घेतो. दप्तर तिथंच.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये यातलं काहीही आपोआप होत नाही. एकाच खात्याला लिहिण्याचा, मंजुरीचा आणि तिजोरीचा असे तिन्ही रोल दिले तर कॉन्ट्रॅक्ट हूं का चूं करत नाही. बसवणारा बहुधा सगळे रोल स्वतःच्याच खात्याला देऊन सुरुवात करतो, ‘नंतर वाटून देऊ’ म्हणतो, आणि ते नंतर कधी येतंच असं नाही. पंधरा दिवसांची नोटीस हवी असेल तर टाइमलॉक नावाचा वेगळा तुकडा मुद्दाम बसवावा लागतो. चार्जचं तर आणखी अवघड. रोल ज्या खात्याला दिला त्याची प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली, जुन्या माणसानं नव्याच्या हाती ठेवली, तरी जुन्याकडे नक्कल उरलेली नाही याची हमी कोण देणार? त्यामुळे की देणं म्हणजे चार्ज देणं नव्हे. जुन्या खात्याचा रोल काढायचा, नव्या खात्याला द्यायचा, दोन्ही व्यवहार साखळीवर दिसले पाहिजेत.

रोल वाटणारा सर्वोच्च अ‍ॅडमिन कोण, याचं उत्तर मला या सगळ्या रचनेत सर्वांत आवडतं. त्याचा ठसा आहे निव्वळ शून्य, ३२ बाइट भरून शून्यच शून्य. कारण कुठल्या रोलचा वरिष्ठ कोण हे लिहिलेलं नसेल, तर ती जागा वाचल्यावर शून्य येतं. मग शून्यालाच सगळ्यांचा वरिष्ठ करून टाकलं. न लिहिलेला आदेशही शून्य, सर्वाधिकारीही शून्य. चतुराईला दाद द्यावी तेवढी थोडी. मात्र याच शून्याच्या भरवशावर लोक झोपूनही जातात. रोलच्या नावात एक अक्षर चुकलं तर कॉन्ट्रॅक्ट चूक दाखवत नाही; त्या ७८ अंकी गर्दीतला दुसराच एक रोल निमूट वापरायला घेतो, ज्यावर कुणीही बसलेलं नाही.

हा तट फोडता येतो का? एका ठरावीक खात्याची की अंदाजानं शोधायची म्हणा. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांनी प्रत्येकी सेकंदाला शंभर कोटी किल्ल्या लावून बघितल्या, तरी सगळे पत्ते धुंडाळायला विश्वाच्या वयाच्या सुमारे ४२ हजार कोटी पट वेळ लागेल. त्या वाटेला चोर जात नाहीत.

ते कुठून जातात याचा नमुना १० ऑगस्ट २०२१ चा. पॉली नेटवर्क हा वेगवेगळ्या ब्लॉकचेनांना जोडणारा पूल. तिजोरीच्या राखणदारांची की ज्या कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेली होती, ती बदलायचा अधिकार फक्त एका मॅनेजर कॉन्ट्रॅक्टला होता. रोल चोख. पण मॅनेजर बाहेरच्यांचे निरोप पोचवण्याचंही काम करायचा, आणि कुठलं फंक्शन चालवायचं हे इथेरियम पूर्ण नावावरून नव्हे, नावाच्या हॅशच्या पहिल्या चार बाइटांवरून ओळखतं. चार बाइट म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ शक्यता. ७८ अंकांवरून आपण एकदम दहा अंकांवर आलो. चोरानं की बदलणाऱ्या फंक्शनशी चार बाइट जुळतील असं भलतंच नाव शोधलं: ‘एफ११२१३१८०९३’. एफपुढे आकडा वाढवत नेला असावा, आणि ११२ कोटी १३ लाख १८ हजार ९३ वर मेळ बसला असावा, असं त्या नावाकडे बघून वाटतं. सेकंदाला दहा लाख नावं तपासणाऱ्या साध्या संगणकाला तिथवर पोचायला एकोणीस मिनिटंही लागत नाहीत. मॅनेजरनं निरोप इमानेइतबारे पोचवला, राखणदार बदलला, आणि ६१ कोटी डॉलर निघाले. चोरानं नंतर जवळपास सगळे परत केले, हा त्याचा लहरीपणा.

६ नोव्हेंबर २०१७ ला तर चोरीच झाली नाही. पॅरिटी या कंपनीच्या वॉलेटांचा सामाईक कोड एका कॉन्ट्रॅक्टमध्ये होता, आणि त्याच्या मालकाची जागा रिकामी होती. शून्य. गिटहबवर ‘डेव्हऑप्स१९९’ नावानं वावरणाऱ्या कुणीतरी ती जागा घेतली आणि मग कॉन्ट्रॅक्ट नष्ट करायची आज्ञा दिली. त्या कोडवर ५८७ वॉलेटं चालत होती. त्यांतले ५ लाख १३ हजार ७७४ इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, कायमचे अडकले. एका इथरला दोन लाख रुपये धरले तर दहा हजार कोटींवर जातात. ते आजही साखळीवर दिसतात, हलत नाहीत. हलवण्याचा अधिकार ज्या कोडमार्फत चालायचा तोच उरला नाही.

रोनिन पुलाची गोष्ट चार्जची आहे. नऊ राखणदारांपैकी पाचांच्या सह्या लागत. नऊतून पाच निवडायचे प्रकार १२६ होतात. आपल्या तक्त्याची संख्या १२६ अंकी, आणि हे नुसते १२६. चार सह्यांच्या किल्ल्या एकाच कंपनीकडे होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये कामाचा ताण वाढला म्हणून अ‍ॅक्सी डाओ या संस्थेनं आपल्या वतीनं सह्या करायची मुभा त्याच कंपनीला दिली. डिसेंबरमध्ये ती व्यवस्था थांबली, पण परवानगी यादीतून काढायची राहून गेली. चार अधिक एक पाच. २३ मार्च २०२२ ला १ लाख ७३ हजार ६०० इथर आणि २ कोटी ५५ लाख यूएसडीसी नाणी गेली. कंपनीला पत्ता लागला सहा दिवसांनी, एका ग्राहकाला ५,००० इथर काढता येईनात तेव्हा.

आपल्या मुंबईचं प्रकरण याहून जवळचं. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३.५ कोटी डॉलर, त्या वेळचे दोन हजार कोटी रुपयांच्या घरातले, निघून गेले. वॉलेट मल्टिसिग होतं. सहा सहीवाले, त्यांतले पाच वझीरएक्सचे आणि सहावी लिमिनल ही कस्टडी कंपनी. पाचांपैकी तिघांनी सही करायची, मग लिमिनलनं. पाचांतून तीन निवडायचे प्रकार किती? दहा. कोटी-परार्ध सोडाच, ते वॉलेट उघडायच्या वाटा हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या, आणि सह्या खऱ्या होत्या. पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्ष सह्या झालेला व्यवहार यांत तफावत होती, असं वझीरएक्सनं सांगितलं. दोष कुणाचा यावर दोन्ही कंपन्यांची तोंडं दोन दिशांना राहिली. सह्या ज्यावर झाल्या त्यानं एका फटक्यात वॉलेटचा मूळ कोडच बदलला. त्यानंतर सहांपैकी कुणालाच विचारायची गरज उरली नाही.

गेलेल्या ऐवजात शिबा इनू ही नाणी ५ लाख ४३ हजार कोटी होती. एकेकाची किंमत त्या वेळी पैशाच्या सहाव्या हिश्शाइतकीही नव्हती, तरी सगळी मिळून दहा कोटी डॉलरच्या वर. ब्लॉकचेनवर या प्रत्येक नाण्याचे अठरा दशांश स्थळांपर्यंत तुकडे धरून हिशेब ठेवतात; त्या खतावणीत तो आकडा ३१ अंकी होतो. गेलेला सगळा ऐवज एक्स्चेंजच्या एकूण ठेवीचा जवळपास निम्मा हिस्सा होता. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ च्या संयुक्त निवेदनात बोट उत्तर कोरियाकडे दाखवलं. चाळीस लाखांहून जास्त ग्राहकांचे पैसे सिंगापूरच्या कोर्टात अडकले, आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला.

फेरफाराच्या नोंदीला पंधरा दिवस हरकतीला ठेवणारी माणसं अडाणी नव्हती, एवढं यावरून मला म्हणावंसं वाटतं. वॉलेटचा कोड बदलणं हे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्यापेक्षा मोठं काम आहे. त्याला एका व्यवहाराइतकाच वेळ ठेवायचा, हा कुठला हिशेब?

हे सगळं पैशापुरतंही राहिलेलं नाही. मार्च २०२२ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्लीत उपविभागीय अधिकारी शुभम गुप्ता यांच्या पुढाकारानं ६५ हजार जातप्रमाणपत्रांचे ठसे पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम हाती घेण्यात आलं. लेजिटडॉक या प्रणालीमार्फत. प्रमाणपत्रात कुणी खाडाखोड केली तर ठसा जुळत नाही आणि बनावट तिथल्या तिथं पकडता येते. कॉलेजच्या प्रवेशासाठी आदिवासी मुलानं आणलेला कागद खरा की खोटा, हे नागपुरातून किंवा संभाजीनगरातून फोन न करता कळतं. चांगली गोष्ट आहे.

पण अशा नोंदवहीत ६५ हजार या आकड्यापेक्षा मला दुसराच आकडा आधी बघावासा वाटेल: ठसा लिहिण्याचा अधिकार किती खात्यांना आहे, आणि त्यांपैकी किती खाती आज खुर्चीवर असलेल्या माणसांची आहेत. ओपनझेपलिनच्या तुकड्यात हे शोधणं कठीण नाही. रोल दिला की एक इव्हेंट साखळीवर उमटतो, काढला की दुसरा. दिलेले मोजायचे, काढलेले वजा करायचे. प्रांताची बदली होते, जातप्रमाणपत्र मात्र जन्मभर आणि वंशावळीत त्याच्याही पुढे चालतं. रोल काढायला एक व्यवहार पुरतो, आणि होकाराच्या जागी पुन्हा शून्य लिहिलं म्हणून २०२१ पासूनच्या दरानं इथेरियम ४,८०० गॅस परतही देतं.